दुखलं नाही ना?

मोतीबिंदूच्या ऑपरेशनबद्दल मराठीत एकच वाक्य उपलब्ध आहे : 'आता काही नसतं हो त्यात.' शेजारी हेच म्हणतात, व्याही हेच म्हणतात, रिक्षावाला मागे वळून हेच म्हणतो, आणि डॉक्टरही. पूर्वी डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून दिवसच्या दिवस उताणं पडावं लागायचं, टाके असायचे, आणि नंतर जन्मभर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. आता पंधरा मिनिटं, टाका नाही, इंजेक्शन नाही, भूलसुद्धा नाही, नुसते थेंब. सकाळी गेलात की दुपारी जेवायला घरी. यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. माझं भांडण या माहितीशी नाही, तिच्यातून परस्पर काढलेल्या निष्कर्षाशी आहे. तो असा, की ऑपरेशन छोटं म्हणजे अनुभवही छोटा, आणि अनुभव छोटा म्हणजे त्याबद्दल पेशंटला काही सांगायची गरज नाही.

'किरकोळ ऑपरेशन' असंही म्हणतात. किरकोळ हा खरं तर वाण्याच्या दुकानातला शब्द, घाऊकच्या उलट. आणि आपल्याकडे मोतीबिंदूची ऑपरेशनं होतात ती घाऊकच : देशभरात वर्षाला साठ लाखांहून जास्त. घाऊकात जे होतं ते करणाऱ्याला किरकोळ वाटायला लागतं, हे समजण्यासारखं आहे. पण टेबलावर पडलेल्या बाईचं ते पहिलंच असतं.

आधीच सांगते, मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. इंजिनिअरिंगच्या पदवीने वैद्यक कळत नाही, आमच्यातल्या पुष्कळांना तसं वाटत असलं तरी. त्यामुळे ऑपरेशन कसं करावं याबद्दल मला काही म्हणायचं नाही. ते इतकं चांगलं केलं जातं, की थक्क व्हावं. तीन मिलिमीटरहूनही लहान छेदातून एक सुई आत जाते, सेकंदाला हजारो वेळा थरथरत गढुळलेलं भिंग फोडते, चुरा शोषून घेते, आणि त्याच वाटेने घडी घातलेलं नवं भिंग आत जाऊन उलगडतं. चार्ल्स केलमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरला ही कल्पना दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीत बसलेला असताना, दात साफ करण्याचं ते थरथरणारं यंत्र बघून सुचली, १९६०च्या दशकात. मला म्हणायचं आहे ते त्या सुईच्या दुसऱ्या बाजूला असलेल्या माणसाबद्दल.

साधी गोष्ट आहे. हातावर, पोटावर, गुडघ्यावर ऑपरेशन होतं तेव्हा पेशंट जागा असला तरी डोळे मिटून घेऊ शकतो, पडद्याकडे बघू शकतो, छताच्या फरशा मोजू शकतो. इथे ज्या अवयवात सुई चालते तोच अवयव बघतोही आहे, आणि पापण्या चिमट्याने उघड्या धरलेल्या असल्यामुळे मिटायची सोय नाही. थेंबांनी दुखण्याच्या नसा झोपतात. दिसण्याची नस टक्क जागी असते. डोळ्यामागे इंजेक्शन द्यायची पद्धत होती (काही ठिकाणी, काही पेशंटांना अजून देतात), तेव्हा दिसणंही बरंचसं मंदावायचं. थेंब आले, सुईचा धोका गेला, आणि पेशंटला समोरचं सगळं दिसायला लागलं. एवढा मोठा फरक पडला आणि पेशंटशी करायच्या बोलण्यात एका वाक्याचीही भर पडली नाही.

माझी आजी, आईची आई, वय ७९, मुक्काम कराड. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पुण्यात झालं, एका चकाचक खासगी हॉस्पिटलात. आत गेली, चाळीस मिनिटांत डोळ्यावर हिरवं कापड बांधून बाहेर आली. आम्ही पाचजणांनी पाचदा विचारलं, 'दुखलं नाही ना?' ती म्हणाली, 'नाही.' झालं. सगळ्यांनी चहा घेतला. मामाने कुटुंबाच्या ग्रुपवर अंगठा टाकला.

बारा दिवसांनी, मी थेंब घालताना, ती आपणहून बोलली. 'ते डोळा बाहेर काढतात का गं?'

मग हळूहळू सगळं निघालं. तोंडावर चिकटणारं प्लास्टिक टाकलं, त्याला फक्त डोळ्यापुरतं भोक. श्वास कोंडल्यासारखा झाला. नळीने हवा सोडली होती, पण ती कशाची हे तिला ठाऊक नव्हतं. मग तीन दिवे, इतके पांढरे की त्यांच्याकडे बघवेना, आणि वरून आवाज, 'दिव्याकडेच बघा.' मग पाणी. डोळ्यावरून वाहून कानात जाणारं गार पाणी. मग ते दिवे विरघळले, निळे झाले, गुलाबी झाले, त्यांच्यात काहीतरी काळं फिरायला लागलं, काचेचे तुकडे गरगरल्यासारखं दिसलं. मशीन वेगवेगळ्या सुरांत किणकिणत होतं आणि मध्येच त्यातली बाई इंग्रजीत काहीतरी बोलत होती. डॉक्टर असिस्टंटशी कुणाच्या तरी मुलाच्या अ‍ॅडमिशनबद्दल बोलत होते. आजीला वाटलं, डोळा काढून शेजारच्या ट्रेमध्ये ठेवलाय, तिथे तो धुतायत, आणि ती त्या ट्रेमधल्या डोळ्यानेच हे सगळं बघते आहे. हा समज तिचा एकटीचा नाही. डोळा काढून गालावर ठेवतात, साफ करून परत बसवतात, असं मानणारी माणसं गावोगाव आहेत. त्या समजातून निघणारं पुढचं पाऊल तिने अगदी तर्कशुद्धपणे उचललं : 'मी हलले आणि तो घरंगळला तर?' म्हणून ती हलली नाही, शिंकली नाही, बोलली नाही. चादरीखाली मुठी आवळून पंधरा मिनिटं भीमरूपी म्हणत राहिली. डॉक्टर नंतर आम्हाला म्हणाले, 'आजी एकदम को-ऑपरेटिव्ह हं.'

दुखलं नव्हतं, हे खरंच होतं. आमचा प्रश्नच चुकीच्या गोष्टीबद्दल होता.

हे ऐकल्यावर मी वाचायला लागले आणि पहिला राग इथे आला, की हे कुणालाच माहीत नाही असं नाही. थेंबांच्या भुलेत पेशंटला काय दिसतं यावर सिंगापूरच्या नेत्रतज्ज्ञांनी वीसेक वर्षांपूर्वीच अभ्यासांची रांग लावलेली आहे. बहुतेकांना उजेड दिसत राहतो. पुष्कळांना रंग, हालचाल, चमका दिसतात. काहींना हत्यारं, डॉक्टरांची बोटंही दिसतात. कित्येकांना ते सुंदर वाटतं, रंगपंचमीसारखं. पण एक गट असा असतो ज्याला त्या दिसण्याची भीती वाटते, आणि आधी 'असं असं दिसेल, घाबरू नका' एवढं सांगितलं तर ती भीती कमी होते. हे मोजून दाखवलेलं आहे. कोरियातला, २००१मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास तर त्याहून साधा : ऑपरेशन चालू असताना कुणीतरी पेशंटचा हात धरायचा. हात धरलेल्यांची चिंता कमी झाली. हात धरण्याचा खर्च किती, हे कुठल्याही विमा कंपनीने काढलेलं माझ्या पाहण्यात नाही.

आणि गंमत म्हणजे, या भुलेचा इतिहासच मुळी पेशंटला काय जाणवतं हे विचारण्यापासून सुरू होतो. १८८४, व्हिएन्ना. कार्ल कोलर हा २६ वर्षांचा, म्हणजे माझ्याहूनही लहान, डॉक्टर. इथरची भूल येऊन तेव्हा जवळजवळ चाळीस वर्षं झाली होती, पण डोळ्याच्या डॉक्टरांना तिचा फारसा उपयोग नव्हता. झोपलेला पेशंट 'वर बघा, खाली बघा' ऐकत नाही, आणि उठल्यावर उलट्या करायला लागला की नुकताच कापलेला डोळा धोक्यात. कोलरचा मित्र सिग्मंड फ्रॉइड (हो, तोच) तेव्हा कोकेनच्या मागे लागला होता. कोलरच्या लक्षात आलं, की हे जिभेला लागलं की जीभ बधिरते. त्याने ते आधी बेडकाच्या आणि इतर प्राण्यांच्या डोळ्यात घालून पाहिलं, आणि मग स्वतःच्या डोळ्यात. टाचणीच्या डोक्याने बुब्बुळाला स्पर्श केला. काही जाणवलं नाही. त्या सप्टेंबरात हायडलबर्गच्या परिषदेला जायला त्याच्याकडे पैसे नव्हते, म्हणून निबंध दुसऱ्यानेच वाचून दाखवला. जगातली स्थानिक भूल अशी जन्मली : डोळ्यासाठी, पेशंट जागा राहावा म्हणून, आणि डॉक्टरने स्वतःच्या डोळ्यात थेंब घालून काय होतं ते सांगितलं म्हणून. आज थेंब घालणाऱ्यांपैकी किती जणांनी, स्वतः म्हातारे होण्याआधी, त्या दिव्यांखाली दोन मिनिटं झोपून पाहिलं असेल?

या सगळ्यावर एक ठरलेलं उत्तर येतं : 'सांगितलं तर घाबरतात.' हे मला त्या हॉस्पिटलातल्या कौन्सेलर बाईंनीच ऐकवलं. मग कौन्सेलर कशासाठी असतात? आजीचं कौन्सेलिंग झालं होतं, चांगलं चाळीस मिनिटं, आईबरोबर बसवून. भारतीय भिंग, परदेशी भिंग, एका अंतराचं, अनेक अंतरांचं, पिवळ्या छटेचं, तिरप्या नंबराचं. सोळा पानी चकचकीत माहितीपत्रक, मराठीत, पानापानावर समुद्रकिनाऱ्यावर हसणारं गोरं जोडपं. चाळीस मिनिटांत टेबलावर काय होणार याला मिळाली शून्य. अनेक अंतरांच्या भिंगाने रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, हे आईने विचारल्यावर निघालं. घाबरवणारी माहिती देऊ नये हे तत्त्व, विकण्याच्या माहितीला मात्र लागू नाही. पाचशे, हजार नव्हे, दहादहा हजारांच्या फरकाचे निर्णय पेशंटने समजून-उमजून घ्यावेत. तोंडावर प्लास्टिक येणार आहे, एवढं मात्र त्याला झेपणार नाही!

शिवाय, भीतीचं म्हणाल तर ती डॉक्टरांच्याही कामात येते. घाबरलेला माणूस हलतो. आमच्या धंद्यात हे पहिल्या वर्षी शिकवतात : फाइल चढत असताना पडद्यावर काहीच दिसलं नाही, तर माणूस बटण पुन्हा दाबतो, पुन्हा दाबतो, शेवटी खिडकी बंद करतो. आम्ही त्याला मूर्ख म्हणत नाही, निदान मीटिंगमध्ये तरी. आम्ही तिथे एक पट्टी टाकतो : ४० टक्के झालं, ६० टक्के झालं. 'आजी, आता अर्धं झालं, आता पाणी वाहील, आता जरा दाबल्यासारखं वाटेल,' ही ती पट्टी. वैद्यकाला हे सॉफ्टवेअरवाल्यांकडून शिकावं लागावं याची मला लाज वाटते, त्यांच्या वतीने.

दुसऱ्या टोकाला आमचे सुशिक्षित नातेवाईक. न्यू जर्सीच्या मामेआजोबांचं ऑपरेशन तिकडे झालं. शिरेतून गुंगीचं औषध दिलं, ते म्हणतात, 'मला तर काही आठवतच नाही. तुमच्याकडे म्हातारीला जागं ठेवून डोळा कापतात? रानटीपणा आहे.' अमेरिकेत मोतीबिंदूला शिरेतून गुंगी देणं ही सर्रास पद्धत आहे. ब्रिटनमध्ये बहुसंख्य ऑपरेशनं तिच्याशिवाय होतात. अमेरिकन डोळा ब्रिटिश डोळ्याहून नाजूक असतो असं काही नाही. ही सवयीची आणि पैशाची व्यवस्था आहे. आणि गुंगी हे उत्तर मला पटत नाही. वय झालेल्या माणसाला त्या औषधांनी भ्रम होऊ शकतो, श्वास मंदावू शकतो, काही जण शांत होण्याऐवजी उलट बिथरतात, काही अर्धवट झोपेतून दचकून उठतात, तेही डोळ्यात सुई असताना. ज्यांना खरोखर गरज आहे, स्मृतिभ्रंश झालेले, कंप असलेले, कोंडलेल्या जागेने जीव घाबरा होणारे, त्यांना द्यावीच, पूर्ण भूलही द्यावी, आणि ती मागायला पेशंटला संकोच वाटू नये. पण सरसकट?

त्यात आणखी एक पेच आहे. मिडाझोलामसारखं औषध नुसतं शांत करत नाही, पुढच्या काही वेळाची आठवण बसूच देत नाही. मामेआजोबा घाबरले नाहीत, की घाबरले आणि ते त्यांना आठवत नाही? याचं उत्तर त्यांच्याकडे नाही, आणि पंधरा मिनिटं त्यांच्या उशाशी असलेल्यांनी ते लिहून ठेवलेलं नाही. मराठीत 'भूल' या एका शब्दात तीन गोष्टी कोंबलेल्या आहेत : बधिर करणं, झोपवणं आणि विसरायला लावणं. आपण 'भूल दिली का?' विचारतो तेव्हा यातलं काय विचारतोय हे आपल्यालाच माहीत नसतं. आजीला पहिली मिळाली. मामेआजोबांना तिसरी. दोघांच्याही कागदावर 'वेदना नाही' असंच लिहिलेलं असणार.

कागदाचं निघालंच आहे तर, महिन्याने हॉस्पिटलची एक लिंक फोनवर आली. समाधानाची तारांकनं : पार्किंग, स्वागतकक्ष, स्वच्छता, कॅन्टीन, कर्मचाऱ्यांची वागणूक, आणि 'प्रक्रियेदरम्यान वेदना झाल्या का? होय / नाही'. जे मोजायला सोपं ते मोजायचं आणि मोजलं तेवढंच घडलं असं मानायचं, हा रोग माझ्याच क्षेत्राने जगाला लावला असावा. आजीच्या फाइलवर शेवटी ६/९ लिहिलंय. म्हणजे तक्त्यावरच्या शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या ओळीपर्यंत तिला वाचता येतं. तिकीट बंद.

घरी आल्यानंतरचं तर विचारूच नका. तिकडे 'काही नसतं' हे वाक्य दुप्पट जोराने काम करतं. तीन बाटल्या : एक जंतुनाशक, एक स्टिरॉइड, एक सूज उतरवणारं. दोन थेंबांत पाच-पाच मिनिटांचं अंतर. स्टिरॉइड पहिल्या आठवड्यात दिवसाला सहा वेळा, दुसऱ्यात पाच, मग चार, असं उतरत दीड महिना. घालण्याआधी हात धुवायचे, बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. डोक्यावरून पाणी नाही, वाकून जड उचलणं नाही, रात्री डोळ्यावर प्लास्टिकची जाळीदार वाटी चिकटपट्टीने लावून झोपायचं. हे 'आजीचं ऑपरेशन पंधरा मिनिटांचं' असतं तेव्हा कुणीतरी दीड महिना करत असतं. आमच्या घरी ते कुणी करायचं याची चर्चा झाली नाही. 'तुझं घरूनच काम आहे ना,' एवढंच. घरून काम माझ्या भावाचंही आहे. वेळापत्रक इंग्रजीत, डॉक्टरांच्या अक्षरात, एका चिठ्ठीच्या मागे. मी त्याचा तक्ता केला, मोठ्या अक्षरात, फ्रिजवर लावला, आणि रोजच्या सकाळच्या मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून थेंब घातले.

आणि जे दिसायला लागलं त्याचं काय? पट्टी काढल्यावर दुसऱ्या दिवशी आजीने दुधाच्या पातेल्यात डोकावून गवळ्याला शिव्या घातल्या. दूध निळं दिसतंय, पाणी घातलंय मेल्याने! कारण साधं आहे. म्हातारपणी भिंग पिवळसर होत जातं, निळा रंग अडवतं, मेंदू त्या पिवळेपणालाच पांढरं मानायला शिकतो. भिंग काढलं की वर्षानुवर्षं अडलेला निळा एकदम आत येतो. चित्रकार क्लोद मोनेचं १९२३मध्ये उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तोही सगळं निळं दिसतं म्हणून वैतागला होता, रंगीत काचांचे चष्मे लावून बघत होता. मोनेला जे झालं ते कराडच्या शालिनीबाईंनाही होतं, हे त्यांना सांगितलं असतं तर बिचाऱ्या गवळ्याची अब्रू वाचली असती. मग तिला स्वयंपाकघराच्या फरशीतली काळी रेघ दिसली आणि आईची बोलणी सुरू झाली. मग संध्याकाळी, दिवा लावताना, हात उजेडात धरून ती बराच वेळ बघत बसली. 'एवढ्या सुरकुत्या होत्या माझ्या हाताला?' यावर कसलं माहितीपत्रक काढणार, ते मला माहीत नाही.

पण एक गोष्ट नक्की सांगता आली असती. एका डोळ्यात नवं भिंग, दुसऱ्यात अजून मोतीबिंदू, आणि जुना चष्मा नव्या डोळ्याला निरुपयोगी : या मधल्या काळात दोन डोळ्यांचा मेळ बसत नाही, पायऱ्यांचा, उंबऱ्याचा अंदाज चुकतो. आजी मोरीच्या उंबऱ्याला अडखळली. भिंत हाताशी होती म्हणून वाचली. या वयात खुब्याचं हाड मोडणं म्हणजे काय, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. ते मोडलं असतं तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या खात्यावर कुणी लिहिलं नसतं.

सगळ्यात घातक भाग पुढेच आहे. थोडं खुपणं, थोडी लाली, वाळू गेल्यासारखं वाटणं हे चालतं. पण दुखणं वाढत जाणं, लाली वाढणं, आलेली नजर पुन्हा धूसर होणं हे क्वचित होणाऱ्या पण डोळा घालवू शकणाऱ्या संसर्गाचं लक्षण असू शकतं. त्याला उद्या नाही, त्याच दिवशी, त्याच तासाला जायचं असतं. आता, ज्या पेशंटला सगळ्यांनी महिनाभर 'काही नसतं त्यात' सांगितलंय, तो रात्री अकराला डोळा ठणकायला लागला तर काय करेल? कुणाला उठवायचं नाही, सकाळी बघू म्हणेल. आजीसारख्या बायका तर नक्कीच. धीर देण्यासाठी बोललेलं वाक्य इथे पेशंटच्या तोंडावर हात ठेवतं.

आजीने डाव्या डोळ्याला नकार दिला. 'एक पुरे झाला. किती राहिलंय आता?' आम्हाला वाटत होतं ती खर्चाला भिते आहे. ती ट्रेमधल्या डोळ्याला भीत होती. एका डोळ्यावर थांबलेली अशी किती माणसं असतील, आणि त्यांच्या नावापुढे 'पेशंट परत आला नाही' एवढंच लिहिलेलं असेल. आम्ही डॉक्टर बदलले. या दुसऱ्या डॉक्टर बाईंचा दवाखाना जुना, पंखा कुरकुरणारा. त्यांनी प्लास्टिकचा डोळा हातात घेऊन आजीला पाच मिनिटं, घड्याळ लावून पाच मिनिटं, सांगितलं : डोळा जागचा हलत नाही. तोंडावर कापड येईल, खालून हवा सोडलेली असेल. आधी तीन दिवे, मग रंग, मग पाण्यातून बघितल्यासारखं. खोकला आला तर आधी सांगा, मी थांबते. सिस्टर तुमचा हात धरेल, काही वाटलं तर दाबा. ऑपरेशन झालं. या खेपेला आजीला दुखलं, 'जरा टोचलं बाई'. दुसऱ्या डोळ्याला जास्त जाणवलं असं सांगणारे पेशंट पुष्कळ असतात, त्यावरही अभ्यास आहेत. म्हणजे हॉस्पिटलच्या त्या लिंकवर या बाईंना कमी तारे पडले असते. पण आजी घरी आली ती रंगांचं वर्णन करत. गल्लीतल्या तीन बायकांना तिने ते दिवे कसे विरघळतात ते हातवारे करून सांगितलं, आणि त्यातल्या एकीने दुसऱ्या आठवड्यात मुलाला फोन करून स्वतःच्या ऑपरेशनची तारीख घ्यायला लावली.

'वेळ कुठे आहे?' हा शेवटचा आक्षेप, आणि तो मी हसण्यावारी नेत नाही. तात्याराव लहान्यांनी जे. जे.त लाखाहून जास्त ऑपरेशनं केली, त्यांच्यासमोर रांगा असत, आणि त्या रांगेतल्या माणसाला नजर मिळणं हे इतर कशाहूनही आधी येतं. सरकारी रुग्णालयात, शिबिरात एका डॉक्टरच्या वाट्याला किती माणसं येतात ते मला दिसतं. पण मदुराईचं अरविंद बघा. १९७६ साली डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींनी निवृत्तीनंतर ११ खाटांवर सुरू केलेलं, आज जगातल्या सर्वांत मोठ्या नेत्ररुग्णालयांपैकी एक. तिथे सर्जनच्या दोन बाजूंना दोन टेबलं असतात, एकावर ऑपरेशन चालू असताना दुसऱ्यावर पेशंट तयार. याहून घाऊक काय असणार? आणि त्याच अरविंदने पेशंटशी बोलण्यासाठी वेगळ्या, प्रशिक्षित समुपदेशक नेमल्या, खेड्यापाड्यांतल्या मुलींमधून. डॉक्टरचा वेळ लागतच नाही. आणि ज्या पुण्यातल्या हॉस्पिटलात भिंगं विकायला चाळीस मिनिटं मिळतात, तिथे तर वेळेचं नावच काढू नये.

तर मागणी काय? कायदा नको, समिती नको. संमतिपत्रावर सही घेण्याआधी पाच मिनिटं, आणि एक कागद. वर काय दिसेल, काय ऐकू येईल, तोंडावर काय येईल. खोकला, शिंक, लघवी आली तर काय करायचं. गुंगीचं औषध मागता येतं, आणि ते केव्हा द्यायचं, केव्हा नाही. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन घेत असाल किंवा कधी काळी घेतलं असेल तर आधी सांगा, कारण त्याने बाहुली ऐन वेळी आकसते आणि डॉक्टरांना तयारी ठेवावी लागते (हा प्रश्न माझ्या वडिलांना मागच्या महिन्यात कुणी विचारला नाही, मी सांगितला). घरी गेल्यावर निळं दिसेल, पायऱ्या सांभाळा. थेंबांचा तक्ता. कुठल्या तीन लक्षणांना रात्री अकरालाही फोन करायचा, आणि तो फोन कोण उचलेल त्याचा नंबर. आणि हे सगळं मराठीत, निदान अठरा पॉइंटच्या ठसठशीत अक्षरात. वाचणाऱ्याला मोतीबिंदू आहे.